एका मताने काय होते?

एका मताने काय होते, हा प्रश्न आता आपल्या वस्त्यांतूनही विचारला जाऊ लागला आहे. अडाणी म्हातारी माणसे तो विचारीत नाहीत. शिकलेली पोरे विचारतात. मी महाविद्यालयात शिकवतो, तिथे हा प्रश्न दर निवडणुकीला माझ्यासमोर येतो. माझे गाव मढ, ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. गावाशेजारी पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी पसरले आहे. वीस लाखांहून अधिक मतदार असलेल्या शिरूर लोकसभा मतदारसंघात मढच्या एका माणसाचे मत म्हणजे त्या धरणात ओतलेला तांब्याभर पाणी, असे ही मुले म्हणतात. त्यांना उद्धट ठरवून भागणार नाही. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

प्रथम निव्वळ हिशेब पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शिरूरमधून अमोल कोल्हे १,४०,९५१ मतांनी निवडून आले. आमच्या गावातला एकही माणूस मतदानाला गेला नसता तरी निकाल बदलला नसता. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली हेच मांडले : एका मताने निकाल फिरण्याची शक्यता इतकी थोडी असते, की निव्वळ स्वतःचा फायदा पाहणाऱ्याला मतदानाचे कष्ट परवडत नाहीत. पण त्याच निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघातून रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले. म्हणजे एका चाळीतल्या आठ-दहा घरांनी एक खासदार ठरविला. तरीही मुलांना मी केवळ या ४८ चा दाखला देत नाही. असे निकाल क्वचित लागतात, आणि कोठे लागणार हे आधी कोणाला कळत नाही. क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर हक्काची किंमत ठरवायची नसते.

खरा मुद्दा वेगळा आहे. हा प्रश्न कोणाच्या तोंडी शोभतो? ज्याचा साखर कारखान्यात भाऊबंद आहे, ज्याची पतसंस्थेत ओळख आहे, ज्याच्या निरोपावर तहसीलदार जागचा हलतो, त्याचे मत मतपेटीबाहेरही रोज मोजले जाते. त्याने पाच वर्षांतला एक दिवस चुकविला तरी त्याचे काही बिघडत नाही. आमच्या माणसाचे तसे नाही. वर्षाचे सगळे दिवस त्याची किंमत दुसरा ठरवितो : मजुरी किती, पाणी केव्हा, दाखला कधी. मतदानाचा एकच दिवस असा, की त्या दिवशी तो आणि बागायतदार एकाच रांगेत उभे असतात आणि दोघांचे मत एकच धरले जाते. माझ्या आईला सही येत नाही. मतदान केंद्रावरच्या नोंदवहीत ती अंगठा उठविते. तिच्या पिढीने सावकाराच्या वहीतही अंगठे उठविले. पण तिथे अंगठा उठविला की काहीतरी हातचे जात असे.

हा हक्क आपल्याला कोणी सहज दिलेला नाही. इंग्रजी अमलात मत होते ते सारा भरणाऱ्याला, मालमत्तावाल्याला, शिकलेल्याला. म्हणजे ज्यांना जमीन आणि शाळा या दोन्ही गोष्टी नाकारल्या, त्यांना त्याच कारणाने मतही नाकारले. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी या अन्यायावर बोट ठेवले, आणि १९२८ साली सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. निरक्षर माणूस म्हणजे निर्बुद्ध माणूस नव्हे, ही त्यांची भूमिका होती. त्या मागणीचे फळ १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिसले. सतरा कोटींहून अधिक स्त्री-पुरुष मतदार झाले.

आणि त्याच निवडणुकीत, वाया गेलेले मत काय करू शकते, हेही दिसले. उत्तर मुंबई हा तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता : एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर त्यांतले एक बाद होई. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ चा. त्या मतदारसंघात बाद झालेली मते मात्र ७४,३३३ होती. दुसरे मत राखीव उमेदवाराला न देता कुजवावे, असा प्रचार झाल्याची तक्रार बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जात केली. न्यायाधिकरणाने तो अर्ज फेटाळला. बाद झालेली सगळी मते बाबासाहेबांचीच होती, असे म्हणता येणार नाही. पण संविधानाच्या शिल्पकाराचा पराभव ज्या फरकाने झाला, त्याच्या पाचपट मते कोणाच्याच पदरात पडली नाहीत, हे आकडेच सांगतात. मताला किंमत नसती, तर ते कुजविण्याची भाषा कोणी कशाला केली असती?

ही जुनी गोष्ट आहे असे समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या आंबेगाव विधानसभा मतदारसंघात दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी निवडून आले. पराभूत देवदत्त निकम यांच्याच नावाचा एक अपक्ष उमेदवार तिथे होता. त्याला २,९६५ मते पडली. त्यांतली किती चुकून पडली हे कोणी सांगू शकत नाही. पण मत देणे आणि मत नेमके देणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर निकालाएवढे मोठे असू शकते. चिन्ह नीट ओळखणे, मतदारयादीत नाव तपासणे, शेजारच्या म्हातारीला ते समजावून सांगणे, ही कामे शिकलेल्या पोरांची आहेत.

मत मोलाचे राहायचे तर ते गुप्त राहिले पाहिजे. इथे आपल्यासारख्यांची खरी अडचण आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळू लागला. डोंगरपट्ट्यातल्या लहान गावात एका केंद्रावर काही शेच मतदार. त्यांत बौद्धवाडा किती, ठाकरवाडी किती, हे पुढाऱ्याला तोंडपाठ असते. मग निकालानंतर पाणंद, नळ, घरकुल यांच्या यादीतून हिशेब चुकता होतो. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला, आणि २०२४ च्या निवडणुकांतही मोजणी केंद्रनिहायच झाली. व्यक्तीचे मत गुप्त, पण वस्तीचे मत उघडे, अशी ही स्थिती आहे. आपल्या चळवळीने या मागणीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

मजुरीचेही तसेच. आमच्या पश्चिम पट्ट्यातली माणसे कामाच्या शोधात नारायणगावच्या बाजूला उतरतात. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देण्याचा कायदा आहे आणि तो रोजंदारांनाही लागू आहे. पण द्राक्षबागेच्या बांधावर हा कायदा सांगणार कोण? तिथे मताची किंमत एका दिवसाची भाकर असते. ती मोजूनही जी माणसे गावी येतात, त्यांना या मताचा अर्थ आपल्या प्राध्यापकांपेक्षा अधिक कळलेला असतो.

एवढे म्हटल्यावर मताची मर्यादाही सांगितली पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. ती विसंगती मतदान करून आपोआप मिटलेली नाही. आपण प्रत्येक गावात थोडे आणि विखुरलेले आहोत. एकट्याचे मत तांब्याभर पाणीच आहे, हे मुलांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे. पण आमच्यापुढचे धरणही घाटावरून येणाऱ्या ओहोळांनीच भरते. ठाकर, महादेव कोळी, बौद्ध, मातंग आणि भूमिहीन मराठा यांनी पाणी, मजुरी आणि दाखले यांवर आधी एकत्र यावे आणि मग मतदानाला जावे. तेव्हा त्या मताला उमेदवाराच्या दारात वजन येते. ते वजन यायचे तर संघटना उभी करावी लागेल. तोवर हातातले एक मत मात्र विकू नये, कुजवू नये आणि घरी ठेवू नये.