मोटारींच्या शर्यती कंटाळवाण्या झाल्या आहेत काय?



फॉर्म्युला वन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटार-शर्यती आज घरोघरी पडद्यावर दिसतात. तरुण मंडळी रविवारी सायंकाळी त्यांच्यापुढे बसतात, आणि दीड-दोन तासांनी उठताना त्यांतलीच काही म्हणतात, "पुढे होता तोच पुढे राहिला; यात पाहायचे काय?" हे म्हणणे कितपत खरे आहे, खरे असेल तर त्याची कारणे कोणती, आणि त्यांपैकी कशावर उपाय करावा व काय आनंदाने सोसावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम फिर्यादी पक्षाचे म्हणणे ऐकू. २०२३ साली बावीस शर्यती झाल्या. त्यांतील एकवीस रेड बुल या एकाच संघाने जिंकल्या, आणि त्यांतल्याही एकोणीस मॅक्स व्हर्स्टापेन या एकाच चालकाने. पुढच्या वर्षी, २६ मे २०२४ रोजी, मोनॅको येथे याहून विलक्षण प्रकार घडला. पहिले दहा चालक ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनंतर परत आले. जागतिक अजिंक्यपदाच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. पहिल्याच फेरीतील अपघातामुळे शर्यत थांबली, त्या विश्रांतीत बहुतेकांनी टायर बदलून घेतले, आणि मग ते टायर अखेरपर्यंत पुरावेत म्हणून सारे जपून, हळू चालले. अतिशय वेगवान मोटारी, आणि त्यांचे चालक हळू जाण्याचे कौशल्य दाखवीत आहेत! प्रेक्षकाने जांभई दिली तर त्याला दोष कसा द्यावा?

आता दुसरी बाजू. "पूर्वीच्या शर्यती काय रंगत!" असे म्हणणाऱ्यांनी जुने निकाल उघडून पाहावेत. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे झाली. त्यानंतरच्या काळातील अनेक शर्यतींत पहिल्या आणि दुसऱ्या मोटारीत इतके अंतर असे की मधल्या वेळात चहा करून प्यावा. १९५८ च्या पोर्तुगालच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस पाच मिनिटांहून अधिक अंतराने जिंकला. १९६९ साली स्पेनमध्ये जॅकी स्ट्युअर्ट दोन पूर्ण फेऱ्यांनी जिंकला. १९८८ साली मॅक्लारेन संघाने सोळांपैकी पंधरा शर्यती जिंकल्या. एका संघाची मक्तेदारी ही आजची गोष्ट नव्हे.

मग जुन्या काळाची गोडी येते कोठून? ती स्मरणशक्तीच्या चाळणीतून येते. १९७१ साली मोंझा येथे पीटर गेथिन एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकला आणि पहिले पाचही जण सुमारे सहा दशांश सेकंदात आले. ती शर्यत लोकांच्या लक्षात राहिली. ज्या कंटाळवाण्या झाल्या त्या विसरल्या गेल्या. आजची प्रत्येक शर्यत मात्र आपण चाळण्याआधीच पाहतो. शिवाय आजचाही काळ सरसकट नीरस नाही. २०२४ सालीच सात निरनिराळ्या चालकांनी प्रत्येकी दोन किंवा अधिक शर्यती जिंकल्या, आणि हेही पूर्वी कधी घडले नव्हते. २०२५ चे अजिंक्यपद लँडो नॉरिसने अखेरच्या शर्यतीत, अवघ्या दोन गुणांच्या फरकाने मिळवले.

तेव्हा 'शर्यती कंटाळवाण्या झाल्या' हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्यात दोन निरनिराळ्या तक्रारी मिसळल्या आहेत. एक, तोच तो संघ जिंकतो. दुसरी, मागच्या मोटारीला पुढची ओलांडता येत नाही. पहिलीचे मूळ पैशात आहे, दुसरीचे हवेत.

हवेची गोष्ट आधी पाहू. या मोटारींना पुढे-मागे पंख असतात. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. हे पंख उलटे असल्याने मोटारीला रस्त्यावर दाबून धरतात. या दाबामुळेच ती वळणावर प्रचंड वेगाने जाऊनही घसरत नाही. पण हवा कापीत जाणारी मोटार आपल्या मागे हवेचा खळबळाट सोडते. मागच्या मोटारीला ही विस्कटलेली हवा मिळाली की तिच्या पंखांचा जोर घटतो, ती वळणावर घसरू लागते, टायर तापतात, आणि चालकाला नाइलाजाने अंतर ठेवावे लागते. आयोजकांनीच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२१ च्या मोटारीचा दाब वीस मीटर मागे असताना सुमारे ३५ टक्के, आणि दहा मीटर मागे असताना ४६ टक्के कमी होत असे. म्हणजे जितके जवळ जावे तितके हात-पाय बांधले जातात!

यावर उपाय झाले. २०११ साली मागील पंखाची फळी उघडण्याची सोय आली. पुढच्या मोटारीपासून एका सेकंदाच्या आत असणाऱ्यालाच ठरावीक सरळ पट्ट्यावर ती उघडता येई. हवेचा अडथळा घटे आणि वेग वाढे. ओलांडणी वाढली, परंतु पुष्कळदा ती इतकी सोपी झाली की तिचे मोल उरले नाही. २०२२ साली अधिक मूलगामी उपाय आला. बराचसा दाब पंखांऐवजी मोटारीच्या तळाखालून जाणाऱ्या हवेने निर्माण करावा, म्हणजे मागची हवा कमी बिघडेल, असे नियम झाले. घट दहा मीटरवर १८ टक्क्यांपर्यंत खाली येईल असा हिशेब होता. पहिल्या वर्षी फरक दिसला. पण प्रत्येक संघातील शेकडो अभियंते नियमांतील फटी शोधण्यासाठीच पगार घेतात. चार हंगाम संपेपर्यंत मागे राहणे पुन्हा कठीण झाल्याचे चालकच सांगू लागले. २०२६ च्या हंगामासाठी नियम पुन्हा बदलून मोटारी अरुंद आणि हलक्या करण्यात आल्या, आणि ओलांडण्यासाठी फळी उघडण्याच्या सवलतीऐवजी विजेच्या जादा शक्तीची तरतूद झाली.

मोटारी फुगल्या हेही खरेच. २००८ साली चालकासह किमान वजन ६०५ किलो होते. २०२५ साली ते ८०० किलो झाले. रुंदी दोन मीटर आणि लांबी पाच मीटरांहून अधिक होती. मोनॅकोच्या गल्ल्यांतून १९२९ पासून शर्यती होत आहेत. गल्ल्या तेवढ्याच राहिल्या आणि मोटारी वाढल्या. मग ओलांडायचे कोठून?

आता पैशाची गोष्ट. ज्या संघाकडे अधिक पैसा त्याच्याकडे अधिक अभियंते आणि अधिक प्रयोग. विजयातून अधिक पैसा, पैशातून पुन्हा विजय, असे हे चक्र. २०२१ साली प्रथमच संघांच्या वार्षिक खर्चावर साडेचौदा कोटी डॉलरची मर्यादा आली. चालकांचे पगार तीतून वगळलेले आहेत हे ध्यानात ठेवा. त्याचबरोबर असेही ठरले की जो संघ पहिला येईल त्याला वातबोगद्यातील चाचण्यांचा वेळ सर्वांत कमी, आणि जो शेवटचा त्याला सर्वांत जास्त. या नियमांनंतर काय झाले? २०२३ च्या प्रारंभी मागे रेंगाळणाऱ्या मॅक्लारेनने २०२४ साली संघांचे अजिंक्यपद मिळवले; यापूर्वी ते त्यांनी १९९८ साली मिळवले होते. साऱ्या यशाचे श्रेय एका नियमाला देता येणार नाही, तथापि साधनांची वाटणी थोडी समान झाली की चुरस वाढते, हे समजण्यास मोठे अर्थशास्त्र लागत नाही.

येथवर ज्या कारणांवर उपाय करता येतो ती सांगितली. आता ज्या कंटाळ्याचे स्वागत केले पाहिजे त्याविषयी.

जुन्या शर्यतींत अनिश्चितता असे याचे एक कारण असे की यंत्रे मोडत. १९९६ साली मोनॅको येथे अखेरीस तीनच मोटारी धावत होत्या आणि चौदाव्या जागेवरून सुटलेला ऑलिव्हिए पानिस जिंकला. आज यंत्रे क्वचित मोडतात. ज्या मिस्त्रीने यंत्र बिनचूक बांधले त्याने रंगाचा भंग केला असे म्हणावयाचे काय? आणि दुसरे कारण याहून भयंकर आहे. माणसे मरत. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे पावसात स्ट्युअर्टची मोटार रस्ता सोडून गेली. पेट्रोल अंगावर गळत असताना तो सुमारे पंचवीस मिनिटे आत अडकून होता. दोघा सहचालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि त्याला सोडवले. अशा खेळात सुटकेचे साधन प्रेक्षकाच्या पेटीतून यावे!

त्यानंतर स्ट्युअर्टने जे केले ते आम्हा कामगार चळवळीतील माणसांना ओळखीचे वाटेल. चालकांची संघटना १९६१ सालीच निघाली होती. तिच्या बळावर स्ट्युअर्ट आणि त्याचे सहकारी रुळांच्या संरक्षक कठड्यांसाठी, डॉक्टरांसाठी, पट्ट्यांसाठी झगडले. १९६९ साली चालकांनी नकार दिल्याने स्पाची शर्यत रद्द झाली. १९७० साली जर्मनीची शर्यत न्युर्बुर्गरिंगहून हलवावी लागली. १९८२ साली दक्षिण आफ्रिकेत चालकांना संघाशी जखडून टाकणाऱ्या कलमांविरुद्ध निकी लाउडा आदींनी संप केला, आणि बहुतेक चालक जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात एकाच दालनात गाद्या टाकून झोपले, की कोणी फुटू नये. त्या काळीही स्ट्युअर्टला ऐकावे लागलेच, की तुम्ही शर्यतीतली मर्दुमकी घालवली. म्हणजे 'नीरस झाल्या' ही तक्रार सुरक्षिततेच्या प्रत्येक पावलाबरोबर होत आली आहे. २०१८ साली चालकाच्या डोक्याभोवती संरक्षक कडे बसवले तेव्हा ते कुरूप म्हणून नाके मुरडली गेली. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमाँ ग्रोझाँची मोटार कठड्यात घुसून दोन तुकडे झाली आणि पेटली. तो ज्वाळांतून स्वतः बाहेर आला. ते कडे नसते तर काय झाले असते, हे त्यानेच नंतर सांगितले. आणि पूर्वी त्या कड्याला विरोध करणाऱ्यांपैकी तोही एक होता.

आणि केवळ चालकच नव्हेत. २००० साली मोंझाला आणि २००१ साली मेलबर्नला उडालेल्या चाकाने रस्त्याकडेचा एकेक मार्शल ठार झाला. हे लोक हौसेने, बहुधा विनावेतन उभे राहतात. त्यांची नावे विजेत्यांच्या यादीत येत नाहीत. ज्या कारखान्यात महिनोन्‌महिने 'आज काही घडले नाही' अशीच नोंद होते, तो कारखाना आपण उत्तम मानतो. शर्यतीलाही हाच न्याय लावला पाहिजे. रोमांच हवा, पण तो दुसऱ्याच्या प्राणावर नको.

कंटाळा घालवण्याच्या घाईत काय बिघडते याचीही उदाहरणे आहेत. १२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबी येथे दोन चालक समान गुणांनी उतरले होते. अपघातानंतर शेवटची फेरी तरी चुरशीची व्हावी अशा रीतीने नियम वाकवला गेला, आणि अजिंक्यपद तेथे ठरले. चौकशीत मानवी चूक झाल्याचे मान्य करण्यात आले; निकाल मात्र तोच राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पा येथे मुसळधार पावसात हजारो प्रेक्षक तासन्‌तास उभे होते. सुरक्षा-मोटारीच्या मागून मोटारी थोड्या फेऱ्या फिरल्या, अर्धे गुण वाटले गेले, आणि शर्यत झाली असे जाहीर झाले. पावसात शर्यत न धाववणे योग्यच होते. न झालेली शर्यत झाली म्हणणे योग्य नव्हते. प्रेक्षक कंटाळा सोसतो, फसवणूक सोसत नाही.

हा खेळ की करमणूक, हा प्रश्न आपल्याही देशात कायद्याच्या दारी गेला होता. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यत झाली. तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि चौथी शर्यत झालीच नाही. करमणूक म्हटले की गल्ल्याचा हिशेब पुढे येतो. १९५० साली हंगामात सात शर्यती होत्या. २०२४ साली चोवीस झाल्या. अधिक शर्यती म्हणजे अधिक उत्पन्न. पण एका खंडातून दुसऱ्या खंडात सामान वाहणाऱ्या, रात्री मोटार उघडून पहाटे जोडणाऱ्या मिस्त्र्यांचे काय? रात्रीच्या कामावर मर्यादा आणि उन्हाळ्यात कारखान्यांना सक्तीची सुटी, हे नियम करावे लागले ते उगीच नव्हे. कंटाळलेल्या प्रेक्षकाला आणखी चार शर्यती देणे म्हणजे पोट भरलेल्याला आणखी भाकरी वाढणे होय.

शेवटी पाहणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे. पुढे कोण आहे एवढेच पाहणाऱ्याला ही शर्यत खरोखरच कंटाळवाणी वाटेल. अंतराचे आकडे पाहा. मागचा चालक आधी टायर बदलायला गेला की ताज्या टायरवर त्याच्या एक-दोन फेऱ्या वेगाने होतात, आणि पुढचा बदलून बाहेर येतो तो मागे पडलेला असतो. ही ओलांडणी रस्त्यावर दिसत नाही, पण ती खरी असते. टायर बदलणारे सुमारे वीस जण पाहा. चार चाके दोन-अडीच सेकंदांत निघतात आणि बसतात. २०२३ साली कतारमध्ये मॅक्लारेनच्या मंडळींनी हे १.८० सेकंदांत केले. इतक्या जणांचा हात एका क्षणी, एकाही चुकीवाचून चालतो, हे दृश्य मला तरी कोणत्याही ओलांडणीपेक्षा कमी वाटत नाही.

म्हणून माझे उत्तर असे: हवा आणि पैसा यांच्यामुळे येणारा कंटाळा दूर करावा, तो माणसाने केलेल्या नियमांनी आला आहे आणि नियमांनीच जाईल. खोट्या चुरशीने तो झाकू नये. आणि सर्व मोटारी धडपणे परत आल्या, रस्त्याकडेचा मार्शल संध्याकाळी आपल्या घरी गेला, एवढ्याच कारणाने एखादी शर्यत फिकी वाटली, तर ती तशीच फिकी राहू द्यावी.