कोळशाच्या वाटेने आलेली साथ

१५ ऑगस्ट १९१८ रोजी ब्रिटिश आरमाराची ‘मॅन्टुआ’ फ्रीटाऊनच्या बंदरात शिरली, तेव्हा तिच्यावरचे सुमारे दोनशे खलाशी तापाने फणफणले होते. बोटीला कोळसा हवा होता. तो चढवायला मजूर नेहमीप्रमाणे बोटीवर गेले आणि काम आटोपून आपापल्या वस्तीत परतले. सिएरा लिओनमध्ये इन्फ्लुएन्झा आला तो असा.

फ्रीटाऊन ही मुक्त गुलामांनी १७९२ मध्ये वसवलेली नगरी. पण साम्राज्याला त्या इतिहासापेक्षा तिचं खोल, ऐसपैस नैसर्गिक बंदर मोलाचं होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने जहाजं ताफ्याताफ्याने जाऊ लागली. दक्षिणेकडून येणारे ताफे इथे जमत, कोळसा-पाणी भरत आणि इंग्लंडकडे निघत. बंदर थांबलं तर युद्ध अडणार. म्हणून शहर आजारी पडलं तरी कोळसा भरणं चालूच राहिलं. साथ कशी पसरली याची बाकीची कारणं मला या एका कारणापुढे दुय्यम वाटतात.

२७ ऑगस्टला सिएरा लिओन कोलिंग कंपनीच्या सहाशे मजुरांपैकी पाचशे कामावर आलेच नाहीत. त्या वेळी ‘आफ्रिका’ ही युद्धनौका कोळशासाठी थांबली होती. तिचे खलाशी उरलेल्या मजुरांच्या बरोबरीने कोळसा ओढायला लागले. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यावरच्या ७७९ जणांपैकी सुमारे सहाशे आजारी पडले आणि ५१ मेले. बोटीने शहराला दिलेला आजार शहराने दुसऱ्या बोटीला परत केला.

न्यूझीलंडच्या ‘ताहिती’ची गत याहून वाईट झाली. १,११७ सैनिक घेऊन ती २२ ऑगस्टला पोचली. किनाऱ्यावर आजार आहे ही बातमी मिळाल्यामुळे कुणालाही उतरू दिलं नाही. खबरदारी शहाणपणाची होती, पण कोळसा भरणारे मजूर बोटीवर येणारच होते आणि बोटीचे अधिकारी बैठकीला गेले ते ‘मॅन्टुआ’वरच! २६ तारखेला नांगर उचलला त्याच दिवशी पहिले रुग्ण दिसले. सप्टेंबरच्या १० तारखेला प्लिमथ गाठेपर्यंत ६८ जणांना समुद्रात सोडावं लागलं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस, जवळपास एकाच आठवड्यात, फ्रान्सच्या ब्रेस्टमध्ये आणि अमेरिकेच्या बोस्टनमध्येही हीच जहाल लाट उसळली. त्यामुळे ती नेमकी कुठे उपजली याचा वाद इतिहासकारांत आहे. फ्रीटाऊनला जन्मस्थान ठरवणं मला पटत नाही. ‘मॅन्टुआ’ तिथे पोचली तीच आजार घेऊन. आफ्रिकेच्या माथी रोगाचं मूळ मारण्याची सवय मात्र जुनी आहे. बंदरावाटे साथ शिरण्यात नवल नव्हतं. मुंबईतही त्याच वर्षी १० जूनला इस्पितळात आलेल्या पहिल्या रुग्णांत गोदीवर पहारा करणारा एक पोलीस शिपाई होता.

फ्रीटाऊनची वस्ती १९११ च्या शिरगणतीत सुमारे ३४ हजार होती. सप्टेंबर संपेपर्यंत शहरातले अंदाजे दोन-तृतीयांश लोक अंथरुणाला खिळले होते आणि हजाराहून अधिक मरण पावले होते. तिथून निघालेल्या बोटींनी ३१ ऑगस्टला गोल्ड कोस्टचा (आजच्या घानाचा) केप कोस्ट गाठला, मग अक्रा. सप्टेंबरच्या मध्यावर लेगोस.

आत, मुलखात, साथ गेली ती रेल्वेने. फ्रीटाऊनपासून पेंडेंबूपर्यंतची अरुंद रुळांची लाइन पाम तेल आणि पामच्या बिया बंदराला आणण्यासाठी टाकलेली होती. उलट्या दिशेने ताप गेला. खेड्यांतल्या मृत्यूंची मोजदाद शहराइतकीही झाली नाही. आणि वेळ कोणती? भाताच्या निंदणी-कापणीची. पीक राखायला, कापायला धडधाकट हात उरले नाहीत.

त्याचा हिशेब पुढच्या वर्षी चुकता झाला. तांदूळ महागला, मिळेनासा झाला. जुलै १९१९ मध्ये रेल्वेच्या कामगारांनी युद्धभत्त्यासाठी संप केला, आणि पाठोपाठ फ्रीटाऊनमध्ये दंगल पेटली. लोकांनी सीरियन व्यापाऱ्यांची दुकानं फोडली. त्यांनी तांदूळ दडवल्याचा राग होता. साठेबाजी झालीही असेल, पण टंचाईचं मूळ बऱ्याच अंशी आदल्या पावसाळ्यातल्या, माणसांवाचून पडलेल्या शेतांत होतं. दंगलीचं लोण शहरात थांबलं नाही. रेल्वेच्या मार्गावरच्या गावांतही दुकानं लुटली गेली.