नारिंगी जर्सी, कॅरिबियन मनगट

२००९ हे साल क्रिकेटवाल्यांच्या लक्षात आहे ते लॉर्ड्समुळे. ५ जूनला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात नेदरलँड्सने इंग्लंडला अगदी शेवटच्या चेंडूवर धूळ चारली, तीही त्यांच्याच अंगणात. पण गंमत म्हणजे तीनच महिने आधी याच देशाच्या दुसऱ्या एका संघाने याहून मोठा बॉम्ब टाकला होता. आपल्याकडे त्याचा आवाज पोचला नाही, कारण तो फुटला बेसबॉलच्या मैदानात.

स्थळ पोर्तो रिकोमधलं सान हुआन, स्पर्धा वर्ल्ड बेसबॉल क्लासिक. समोर डोमिनिकन रिपब्लिक. डेव्हिड ऑर्टिझ, होसे रेयेस, पेड्रो मार्टिनेझ असे एकेक अमेरिकेतल्या मेजर लीगमधले बडे मोहरे. डच संघात बहुतेक जण घरच्या लीगमधले किंवा अमेरिकेत अजून खालच्या पायऱ्या चढत असलेले. निकाल : डच ३, डोमिनिकन २. बरं, तुक्का म्हणावा तर तीन दिवसांनी दोघे पुन्हा भिडले. नऊ इनिंगमध्ये कुणाचंच खातं उघडेना. सामना अकराव्या इनिंगमध्ये गेला, डोमिनिकनने एक रन काढून आघाडी घेतली आणि डच पोरांनी दोन काढून त्यांना घरी पाठवलं.

कॅचरचा झाला पिचर

पहिल्या सामन्यातला एक क्षण जरा जवळून बघा. नववी इनिंग, डच एका रनने पुढे. डोमिनिकनचा विली तावेरास बेसवर. हा गडी साधा नव्हे. आदल्या मोसमात मेजर लीगमध्ये त्याने ६८ बेस चोरले होते, म्हणजे पिचरचा हात हलतोय तोवर धूम ठोकून पुढचा बेस गाठायचा. तो तिसऱ्या बेसकडे सुटला. कॅचरने चेंडू झेलला आणि असा काही भिरकावला, की तावेरास पोचायच्या आत चेंडू हजर. आउट!

तो कॅचर म्हणजे केनली जान्सेन. बॅटिंग यथातथा, पण हात तोफेसारखा. त्याच वर्षी त्याच्या अमेरिकन क्लबने त्याला कॅचरची जाळी उतरवून पिचर केलं. पुढे शेवटच्या इनिंगमध्ये येऊन आघाडी राखायची कामगिरी त्याने मेजर लीगमध्ये चारशेहून अधिक वेळा फत्ते केली.

हे डच, ते डच

जान्सेन कुठला? कुरासाओचा. आणि इथेच या संघाची खरी गोम आहे. कुरासाओ हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं, जेमतेम दीड लाख वस्तीचं बेट. राज्य डच राजघराण्याचं, घरात बोली पापियामेंतू आणि वेड बेसबॉलचं. इंग्रजांनी आपल्या बेटांवर क्रिकेट पेरलं. इथे मात्र राज्य ॲमस्टरडॅमचं असलं तरी खेळाचा वारा लागला तो शेजारच्या व्हेनेझुएलाचा. कुरासाओ आणि शेजारचं अरुबा इथली पोरं मोठेपणी नेदरलँड्सची नारिंगी जर्सी चढवतात. २००४ मध्ये शाळकरी वयाच्या मुलांची लिटल लीग वर्ल्ड सिरीज जिंकली ती कुरासाओच्याच विलेमस्टाडच्या संघाने.

म्हणून काही मूळ भूमी कोरडी नाही. तिथे १९१२ पासून बेसबॉलची संघटना आहे, आणि युरोपीय विजेतेपदं तर डचांच्या नावावर वीसहून अधिक. युरोपात त्यांना खरा शह देतो तो इटलीच. डचांनी खेळ घेतला, पण शब्द जसेच्या तसे घेतले नाहीत. बेसबॉलचा झाला ‘होंकबल’, पिचर ‘वेर्पर’ आणि कॅचर ‘आख्टरफांगर’, म्हणजे शब्दशः मागे राहून पकडणारा. यष्टिरक्षक घडवणाऱ्या मराठीने त्यांना टाळी द्यायला हरकत नाही.

पासष्टावा चेंडू

माझा सर्वांत लाडका किस्सा २००६ चा. पहिल्यावहिल्या क्लासिकमध्ये नियम होता, की पहिल्या फेरीत पिचरने ६५ चेंडूंचा कोटा गाठला की बदली. एवढ्याशा चेंडूंत ‘नो-हिटर’, म्हणजे सगळ्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट न देणं, ही कल्पनासुद्धा वेडेपणाची. कुरासाओच्या शायरॉन मार्टिसला हे कुणी सांगितलं नसावं. वय १८. पनामासमोर तो एकेक चेंडू कंजुषाच्या पैशासारखा खर्च करत गेला. डच फलंदाजांनीही दहा रन ठोकून हातभार लावला, कारण दहाची आघाडी असली की सामना सातव्या इनिंगलाच आटोपतो. त्या सातव्या इनिंगमध्ये मार्टिसने पासष्टावा चेंडू टाकला आणि त्याच एका चेंडूवर दोन गडी बाद झाले. सामना खलास. १०-०, नो-हिटर, आणि कोट्यातला एकही चेंडू शिल्लक नाही! क्लासिकच्या इतिहासातला हा पहिलाच नो-हिटर.

डचांनी क्यूबालाही छळलं आहे. १९९२ आणि १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये क्यूबा एकही सामना न हरता सुवर्ण घेऊन गेला होता. २००० मध्ये सिडनीत डचांनी ४-२ ने ती साखळी तोडली. नंतर डच पदकाविना परतले, तो भाग वेगळा.

२०१७ च्या क्लासिकमधला संघ पाहिला तर वेगळीच पंचाईत. शॉर्टस्टॉप ही मैदानातली सगळ्यात मानाची, चपळ माणसाची जागा. डचांकडे ती खेळलेले सिमन्स, बोगार्ट्स, ग्रेगोरियस, प्रोफार असे ढीगभर! गावात सगळेच पाटील. मग सिमन्सला ती जागा, बोगार्ट्स तिसऱ्या बेसवर, प्रोफारची रवानगी थेट आउटफील्डमध्ये. एवढं करून उपांत्य सामन्यात पोर्तो रिकोने अकराव्या इनिंगमध्ये ४-३ ने हरवलंच. २०१३ मध्येही गाडी उपांत्य फेरीतच अडली होती. तेव्हा आडवा आला तो डोमिनिकन. २००९ चं उट्टं काढलं म्हणायचं.

क्लासिक हुकलं, पण त्याआधी बेसबॉलचा विश्वचषक, ही वेगळी स्पर्धा, डचांना मिळाला होता. ऑक्टोबर २०११, पनामा सिटी, अंतिम सामन्यात पुन्हा क्यूबा, ज्याच्या नावावर २५ विश्वचषक. डच जिंकले २-१. त्याआधी हा चषक युरोपात आला होता तो १९३८ मध्ये, ब्रिटनकडे. २०११ नंतर ती स्पर्धाच बंद झाली, त्यामुळे गतविजेते म्हणाल तर आजही डचच. राजघराण्यानेही हात आखडता घेतला नाही आणि खेळाडूंना ‘ऑरेंज-नासाऊ’ हा सरदारकीचा किताब दिला. त्यातला डिडी ग्रेगोरियस पुढे न्यूयॉर्क यांकीजमध्ये गेला, आणि तिथे चाहते त्याला ‘सर डिडी’ म्हणू लागले.