एकच रायफल की दोन? .२२ चे किट आणि .२२ ची स्वतंत्र रायफल



आजचा विषय एका फोनमुळे सुचला. माझा भाचा गेली बारा-तेरा वर्षे टेक्सासमध्ये आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे त्याने एआर-१५ जातीची रायफल घेतली आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तो रेंजवर जातो. परवा म्हणाला, "मामा, ५.५६ च्या गोळ्या फार महाग पडतात. शिवाय लेकीला नेमबाजी शिकायची आहे, ती अकरा वर्षांची आहे. याच रायफलला .२२ चे कन्व्हर्जन किट बसवू, की .२२ ची वेगळी रायफल घेऊ?"

मी त्याला म्हटले, "अरे, यात दोन प्रश्न आहेत. एक तुझा आणि एक तुझ्या लेकीचा. दोन्हींचे उत्तर एक नाही." आज तेच सविस्तर सांगतो.

आधी काडतूस समजून घेऊ. मोठ्या रायफलच्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी छोटी टोपी असते. फायरिंग पिन तिच्यावर आदळते आणि गोळी सुटते. हे सेंटरफायर. .२२ मध्ये अशी वेगळी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेले असते आणि पिन कडेवर आदळते. म्हणून ते रिमफायर. आज सर्वत्र चालणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचे आहे. त्याची गोळी साधारण ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास असते. ५.५६ च्या तुलनेत तिची ऊर्जा दहा पटींनी कमी. झटका जवळजवळ नाही, आवाज कमी, खर्चही बराच कमी. पण खेळणे समजू नका. ही गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते.

आता किट म्हणजे काय? एआर-१५ उघडायची, मूळ बोल्टचा संच बाहेर काढायचा आणि त्या जागी किटचा बोल्ट सरकवायचा. त्याच्या पुढच्या टोकाला ५.५६ च्या काडतुसाच्या आकाराचा अ‍ॅडॅप्टर असतो. तो चेंबरमध्ये बसतो आणि .२२ चे काडतूस त्याच्या पोटात. मॅगझिन बदलले की काम झाले. दोन मिनिटे लागतात, हत्यारे लागत नाहीत. रायफल तीच, घोडा तोच, दुर्बीण तीच. मन मोहून जाते. अमेरिकन लष्करानेही एम-१६ साठी एम-२६१ नावाचे असेच किट वापरले होते.

खोच आहे ती नळीत. दोन्ही गोळ्यांच्या जाडीत इंचाचा हजारावा भाग इतकाच फरक, म्हणून .२२ ची गोळी त्या नळीतून जाते. पण नळीच्या आतले पेच वेगळे असतात. .२२ ची नळी गोळीला १६ इंचांत एक फेरा देते. एआर-१५ ची नळी बहुधा ७, ८ किंवा ९ इंचांत एक फेरा देते. त्यात अ‍ॅडॅप्टरमधून निघालेल्या गोळीला पेचापर्यंत मोकळी उडी मारावी लागते. मऊ शिशाची गोळी तिथेच थोडी बिघडते. परिणाम लक्ष्यावर दिसतो. ५० मीटरवर किटने पाच-सात सेंटिमीटरचा ग्रुप आला तर ठीक म्हणायचे. .२२ ची साधी स्वतंत्र रायफल त्याच अंतरावर अडीच सेंटिमीटरच्या आसपास ग्रुप देते.

आणखी तीन गोष्टी. एक, किट बसवले की झिरो बदलते, आणि काढले की पुन्हा मूळ झिरो तपासावे लागते. दोन, हलकी किंवा मंद काडतुसे बोल्ट पूर्ण मागे ढकलू शकत नाहीत. जोरदार काडतुसेच लागतात, नाहीतर दर मॅगझिनला एक-दोन वेळा अडकणार. तीन, बऱ्याच किटमध्ये शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहत नाही. म्हणजे "तीच रायफल, तीच सवय" हे म्हणणे पूर्ण खरे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे.

मी नवा लेफ्टनंट होतो तेव्हाची गोष्ट. रिक्रूटांची .२२ ची फायरिंग चालू होती. एका पोराच्या रायफलचा आवाज नेहमीसारखा आला नाही, नुसते "टप्प" झाले. त्याला वाटले राउंड खराब आहे. तो बोल्ट ओढून दुसरा राउंड भरणार, इतक्यात मागून उस्ताद गरजले, "फायर बंद!" सगळी रेंज थांबली. रायफल रिकामी केली, सळई घातली, तर गोळी नळीत अडकलेली. तोंडापासून चार बोटे आत. मी तिथे अधिकारी म्हणून उभा होतो आणि मला काहीच कळले नव्हते. ते उस्तादांनी ओळखले, आणि त्या दिवशी मी त्यांच्याकडून शिकलो.

हे इथे का सांगतो? .२२ च्या मागे .२२ झाडली असती तर बहुधा नळी फुगली असती. पण किट वापरणारा माणूस काय करतो? .२२ चा सराव संपवतो, किट काढतो आणि त्याच नळीतून पूर्ण ताकदीची ५.५६ झाडतो. पुढे शिशाची गोळी अडकलेली असेल तर नळी फाटू शकते आणि चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो. म्हणून नियम लिहून ठेवा. आवाज कमी आला किंवा गोळी सुटलीच नाही, तर थांबा. तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट वाट पाहा. मग रायफल रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. किट काढल्यावर पहिली मोठी गोळी भरण्याआधीही हेच करा, दर वेळी. .२२ चे शिसे आणि मेण नळीत आणि गॅसच्या वाटेत साचते, म्हणून पुल-थ्रू आणि चिंदीचा कंटाळा करू नका.

मग फौजांनी हा प्रश्न कसा सोडवला? एकोणिसाव्या शतकात मोठ्या रायफलच्या नळीत बारीक नळी सरकवून लहान काडतुसे झाडत. तिला मॉरिस ट्यूब म्हणत. पुढे .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफली .२२ मध्ये बदलल्या गेल्या. अंगकाठी तीच, बोल्ट आणि घोडाही तसाच, पण नळीच्या आतले पेच .२२ चे. म्हणजे जवानाच्या हाताला ओळखीची रायफल मिळाली आणि गोळीला तिच्या मापाची नळी.

भाच्यासाठी यातच मधली वाट आहे. एआर-१५ चा खालचा अर्धा भाग तसाच ठेवून वरचा अर्धा भाग .२२ च्या नळीसकट वेगळा मिळतो. पेच बरोबर, आणि ५.५६ ची नळी स्वच्छ राहते. किटपेक्षा महाग, पण त्याच रायफलचा हात बसवायचा असेल तर पैसे तिथे घाला. फक्त खर्च वाचवून जवळच्या अंतरावर सराव करायचा असेल तर किटही चालेल. मात्र वरचे नियम पाळून.

आणि लेक? तिच्यासाठी .२२ ची स्वतंत्र रायफल. तीही बोल्ट अ‍ॅक्शन, तिच्या खांद्याला बसेल अशी हलकी, सुरुवातीला एका वेळी एकच राउंड. रुगर १०/२२ ही १९६४ पासूनची सेमी-ऑटो रायफल चांगलीच आहे, पण दहा गोळ्या हातात आल्या की मूल दहा सेकंदांत दहा झाडते. एक राउंड भरला की ते श्वास रोखते, घोडा हळू दाबते आणि गोळी कुठे लागली ते पाहते. नेमबाजी तिथे सुरू होते. एनसीसीत .२२ झाडलेल्यांना हे सांगायला नको.

ही रायफल पुढे कुठवर नेते, तेही पाहा. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. दोन्ही प्रकार .२२ चेच. तिथे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, आपल्या करंगळीच्या नखाएवढे.

जाता जाता, इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे तुम्ही असाल, भारतातल्या सर्वांसाठी एक इशारा. परदेशातला नातेवाईक प्रेमाने म्हणेल, "एक किट घेऊन येतो." अमेरिकेत किट हे केंद्रीय कायद्याने बंदूक मानले जात नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि परवान्याशिवाय एका प्रकारचे शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणे हा गुन्हा आहे. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसानेही विमानतळावर गुन्हा नोंदला जातो. नेमबाजी शिकायची तर जवळच्या रायफल क्लबमध्ये जा. तिथे रायफल, उस्ताद आणि कायदा तिन्ही एका जागी मिळतात.

भाच्याने शेवटी विचारले, "मग मामा, आधी काय घेऊ?" मी म्हटले, "आधी लेकीची रायफल घे. तिच्यासोबत महिनाभर तूही तीच झाड. मग तुला किट लागते का, ते तुझे तुलाच कळेल."

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.