कार्ड एक, भाडी अनेक: एसटी, मेट्रो आणि नव्या गाड्यांबद्दलचे सात गैरसमज

यवतमाळला लागून, दारव्हा मार्गावर लोहारा आहे. एमआयडीसी इथेच असल्याने कामगारांची ये-जा आहे, शाळा-कॉलेजला निघालेली पोरं आहेत, दवाखान्यासाठी यवतमाळ किंवा थेट नागपूर गाठणारे म्हातारे-कोतारे आहेत. या सगळ्यांच्या तोंडी सध्या तीन शब्द आहेत: कार्ड, सवलत आणि नवी गाडी. तिन्ही गोष्टी हळूहळू आल्या आणि बोलण्यात एकमेकींत मिसळून गेल्या. कार्ड आहे म्हणजे सवलत आहे, सवलत आहे म्हणजे कोणतीही गाडी चालते, गाडी नवी म्हणजे भाडं जास्तच, असे हिशेब स्टँडवर रोज मांडले जातात.

खरं तर या तिन्हींचे निर्णय तीन वेगळ्या ठिकाणी होतात. कार्ड बँक देते, सवलत सरकार देतं आणि कोणती गाडी कोणत्या दराने धावणार हे ती चालवणारी संस्था ठरवते. एवढं डोक्यात पक्कं बसलं, की खालचे बहुतेक गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज १: ‘एक देश, एक कार्ड’ आलं, म्हणजे सगळीकडे भाडं आणि सवलत सारखीच.

वस्तुस्थिती: नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे एनसीएमसी, ४ मार्च २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अहमदाबादेत सुरू झालं. ते रुपे प्रणालीवर चालतं. अनेक बँकांच्या रुपे डेबिट कार्डांतही ही सोय असते. कार्ड स्वीकारणारं यंत्र जिथे असेल, तिथे भाडं चुकवायला ते चालतं. त्याचं काम इतकंच. भाडं किती घ्यायचं हे कार्ड ठरवत नाही.

नागपूरचं उदाहरण घ्या. तिथली मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि ती महामेट्रोची आहे. ‘आपली बस’ नागपूर महापालिकेची आहे. यवतमाळहून तुम्हाला तिथवर नेणारी गाडी एसटी महामंडळाची आहे. तीन संस्था, तीन भाडेपत्रकं. एसटीत अर्ध्या तिकिटात आलेल्या बाईला मेट्रोच्या खिडकीवर ‘एसटीत तर अर्धं लागतं’ असं सांगून उपयोग नाही, कारण ती सवलत एसटीपुरती जाहीर झालेली आहे. ती राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, हेही लक्षात ठेवावं. आदिलाबादकडे निघालात तर सवलत सीमेपर्यंत आणि पुढे पूर्ण भाडं.

गैरसमज २: बँक खात्यात पैसे आहेत, म्हणजे गेटवर कार्ड चालणारच. हरवलं तर ब्लॉक केलं की पैसे वाचले.

वस्तुस्थिती: एनसीएमसी कार्डात दोन कप्पे असतात. एक नेहमीचा, बँकेशी जोडलेला. दुसरा कार्डाच्या चिपमध्येच असलेला, प्रवासासाठीचा. गेटवर कार्ड टेकवलं की पैसे या दुसऱ्या कप्प्यातून जातात. त्या वेळी बँकेला विचारणा होत नाही, पिन लागत नाही आणि नेटवर्क नसलं तरी गेट उघडतं. म्हणूनच गर्दीत रांग हलती राहते.

या सोयीच्या दोन अटी आहेत. पहिली, खात्यात लाख रुपये असले तरी चिपमध्ये रक्कम भरलेली नसेल तर गेट उघडणार नाही. ॲपवरून पैसे भरले तरी ती रक्कम यंत्रावर किंवा योग्य फोनवर कार्ड टेकवून चिपमध्ये उतरवावी लागते. दुसरी, चिपमधली रक्कम खिशातल्या नोटेसारखी असते. कार्ड ब्लॉक केल्याने बँकेकडचा कप्पा सुरक्षित होतो, चिपमधले पैसे मात्र ज्याच्या हाती कार्ड त्याचे. म्हणूनच या कप्प्याला २,००० रुपयांची मर्यादा आहे. रोजच्या गरजेपुरतेच पैसे त्यात ठेवलेले बरे.

गैरसमज ३: कार्डातली शिल्लक मुलाच्या कार्डावर वळवता येते आणि पास घरात कोणीही वापरला तरी चालतो.

वस्तुस्थिती: रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सार्वजनिक वाहतुकीसाठी खास प्रीपेड कार्डांना परवानगी दिली. केवायसीची कागदपत्रं न देता ही कार्डं मिळू शकतात. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ३,००० रुपये राहू शकतात आणि त्यांना मुदत संपण्याची भीती नाही. पण त्याच नियमात स्पष्ट म्हटलं आहे, की या कार्डातून रोख काढता येणार नाही, परतावा मिळणार नाही आणि रक्कम दुसरीकडे वळवताही येणार नाही. एकदा भरले की ते पैसे प्रवासातच खर्च व्हायचे.

पासाचं प्रकरण याहून कडक आहे. शिल्लक रकमेचं कार्ड भावाला दिलं तर गेट त्याचा चेहरा बघत नाही. पास मात्र माणसाच्या नावावर, फोटोसह, ठरावीक मार्गासाठी निघतो. एसटीचा मासिक पास २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस चालतो आणि त्रैमासिक पास ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. एवढी सूट मिळते ती रोज जाणारा माणूस तोच आहे या विश्वासावर. पाचवी ते बारावीच्या मुलींचा मोफत पास किंवा इतर विद्यार्थ्यांचा दोन तृतीयांश सवलतीचा पास धाकट्या बहिणीला, मित्राला देणं हा विनातिकीट प्रवासच ठरतो.

गैरसमज ४: मधे गाडी बदलली तरी तिकीट पुढे चालतं. अंतर तेवढंच, तर पैसेही तेवढेच.

वस्तुस्थिती: एसटीचं तिकीट त्या गाडीच्या त्या फेरीचं असतं. लोहाऱ्याहून यवतमाळच्या स्टँडवर उतरून नागपूरची गाडी धरली, तर दुसरं तिकीट काढावं लागतं. त्यात थोडे पैसे जास्त जाण्याचं कारण टप्प्यात आहे. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा. अर्धवट टप्प्याचंही पूर्ण भाडं लागतं. समजा, १८ किलोमीटर थेट गेलात तर तीन टप्पे होतात. तेच अंतर आधी ८ आणि मग १० किलोमीटर असं दोन गाड्यांनी कापलं, तर दोन अधिक दोन, चार टप्पे. म्हणून थेट गाडी दहा मिनिटं उशिरा असली तरी खिशाला तीच परवडते.

बदलत्या गाडीला एकच भाडं ही कल्पना जगात नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९७ पासून बस आणि भुयारी रेल्वे यांच्यात कार्डावर मोफत बदल मिळू लागला. लंडनमध्ये २०१६ साली ‘हॉपर’ भाडं आलं आणि आता तिथे तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकाच बसचं पडतं. पण तिथेही ही किमया कार्डाची नाही. वाहतूक संस्थेने दुसऱ्या गाडीचं भाडं सोडायचं ठरवलं, कार्डाने फक्त वेळ मोजली. आपल्याकडे मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ ॲपने अकरा वाहतूक सेवांची तिकिटं एका जागी आणली. त्यामुळे रांगा वाचतात. तिकीट एका जागी मिळणं आणि भाडं एक होणं या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज ५: महिलांचं अर्धं तिकीट फक्त लाल गाडीला. आणि वय झालं की दोन्ही सवलती जोडून तिकीट शून्य.

वस्तुस्थिती: महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून लागू झाली आणि ती एसटीच्या साध्या, निमआराम, शिवशाही, शिवनेरी, शिवाई अशा सगळ्या प्रकारच्या गाड्यांना आहे. एसटी जिथे शहर बससेवा चालवते, ती सेवा मात्र यातून वगळलेली आहे.

टक्केवारी सारखी असली तरी रक्कम सारखी नसते. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्या दरांनुसार साध्या गाडीचा टप्पा १०.०५ रुपये, निमआरामचा १३.६५ आणि शिवशाहीचा १४.२० रुपये झाला. यवतमाळ ते नागपूर साधारण १५० किलोमीटर, म्हणजे २५ टप्पे धरा. साध्या गाडीला २५१ रुपये, शिवशाहीला ३५५ रुपये. महिलांना अनुक्रमे सुमारे १२६ आणि १७८ रुपये. इतर किरकोळ आकार धरून प्रत्यक्ष तिकीट थोडं वेगळं येईल, पण मुद्दा दिसतो: वातानुकूलित गाडीचा जादा खर्च बाईलाही आहे, फक्त तोही निम्मा.

ज्येष्ठांचं गणित वेगळं. अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे, तर ६५ ते ७५ या वयाला अर्धं तिकीट. सत्तरीच्या आजीला महिला म्हणून अर्धं आणि ज्येष्ठ म्हणून उरलेलं अर्धं, असं होत नाही. सवलत एकच मिळते. आरक्षण केलं तर त्याचं शुल्क वेगळं आणि पूर्ण द्यावं लागतं.

गैरसमज ६: पास आहे, मग पुढ्यात येईल त्या गाडीत बसायचं.

वस्तुस्थिती: दारव्हा मार्गावर सकाळी हा संवाद ऐकायला मिळतो.

“भाऊ, पास आहे माझ्याजवळ.”

“पास साध्या गाडीचा आहे काकू, ही शिवशाही आहे. मागची लाल गाडी येऊन राहिली, तिच्यात बसा.”

काकूंना वाटतं कंडक्टर अडवतोय. पण पास ज्या दराने काढला, त्या श्रेणीसाठीच तो असतो. ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेतही हेच तत्त्व आहे. चार आणि सात दिवसांचे हे पास साध्या आणि वरच्या श्रेणीसाठी वेगवेगळ्या किमतीला मिळतात. वरच्या श्रेणीचा पास खालच्या गाडीत चालतो, खालचा वर चालत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. तुमची गाडी वाटेत बंद पडली, तर मागून येणाऱ्या वरच्या श्रेणीच्या गाडीतही तुम्हाला भाड्यातला फरक न घेता बसवून द्यावं, अशी महामंडळाची सूचना आहे. त्यासाठी पहिलं तिकीट हातात हवं. गाडी बिघडली म्हणून वैतागून तिकीट फेकणारा प्रवासी आपला हक्कच फेकतो.

गैरसमज ७: विजेची गाडी कंपनीची, तिथे सवलत नाही. आणि गाडी नवी आली की प्रवास आपोआप सुधारतो.

वस्तुस्थिती: एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडीही याच मार्गावर धावली होती. पुढे २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या ५,१५० विद्युत गाड्यांचा करार झाला. या पद्धतीत गाडी आणि चालक कंपनीचे, तर वाहक आणि तिकीट एसटीचं असतं. कंपनीला धावलेल्या किलोमीटरमागे पैसे मिळतात. त्यामुळे तुम्ही अर्धं तिकीट दिलं काय किंवा पूर्ण, कंपनीचं काही बिघडत नाही. सवलतीची रक्कम एसटीला राज्य सरकारने भरून द्यायची असते. गाडीचा मालक कोण, हे बघून सवलत ठरत नाही.

‘नवी गाडी’ या शब्दालाही जपूनच घ्यावं. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांत गाड्यांची बांधणी होते. जुन्या सांगाड्यावर पोलादी बॉडी चढवून किती तरी गाड्या नव्या रूपात रस्त्यावर आल्या. रंग नवा म्हणून इंजिन नवं असेलच असं नाही. सरकारी गाड्यांना खरी वयोमर्यादा आता कायद्याने आली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू ठेवता येत नाही आणि राज्य परिवहन संस्थांच्या बसही त्यात येतात.

गाडी बदलून सगळं बदलत नाही, हे यवतमाळकरांना शकुंतलेने शिकवलं आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्ह्यावरून जाणारी ही अरुंद रुळांची गाडी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. रूळ मात्र तेच राहिले, रुळांची मालकी इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीकडेच राहिली, आणि गाडीचा संथपणाही गेला नाही. शेवटी ती बंदच पडली. विजेच्या बसचंही तसंच आहे. शिवाई एका चार्जिंगमध्ये सुमारे २५० किलोमीटर जाते. यवतमाळहून नागपूर एका दमात होईल, पण परतीसाठी चार्जिंगची सोय लागेलच. आगारात चार्जर, वेळेवर फेरी आणि धड रस्ता नसेल, तर नवी गाडी उभीच राहते.

मग प्रवाशाने काय करावं?

गाडीत चढण्याआधी पाटी वाचावी आणि श्रेणी विचारून घ्यावी. वयाचा किंवा ओळखीचा पुरावा सोबत ठेवावा. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र यांसारख्या पुराव्यांवर या योजना सुरू झाल्या. नियम परिपत्रकांनी बदलत राहतात, म्हणून आगारातल्या फलकावरचं ताजं परिपत्रक वाचावं. सुट्ट्या पैशांवरून वाद घालण्यापेक्षा कंडक्टरच्या यंत्रावर यूपीआयने पैसे देता येतात. तिकीट उतरेपर्यंत जपावं.

आणि तक्रार करायची झाली, तर ती योग्य दारात करावी. चिपमध्ये पैसे उतरले नाहीत तर बँक, सवलत नाकारली तर आगारप्रमुख, गाडीच नसेल तर विभाग नियंत्रक. सगळा राग कंडक्टरवर काढून यातलं काहीच हातात येत नाही.