‘रिटायर झाल्यावर’ नावाची ट्रंक

गणपतीच्या आधी कोकणातल्या प्रत्येक घरात कुणीतरी एक जण माळ्यावर चढतो. यंदा आमच्या घरी ती पाळी माझी होती. इंटर्नशिपमधून जेमतेम चार दिवसांची सुट्टी मिळवून फोंडाघाटला पोहोचले, पाठीवरची बॅग उतरवतेय तोच आईने हातात बॅटरी दिली. ‘माटवीचं सामान काढ वरून.’ सामान मिळालं. पण त्याच्या मागे, कोपऱ्यात, एक हिरवी पत्र्याची ट्रंकही मिळाली.

ट्रंक उघडली आणि ओळखीचा कुबट वास आला. आत जलरंगांच्या ट्यूबा होत्या, दगडासारख्या कडक झालेल्या. एक रिळाचा कॅमेरा होता, त्याच्या भिंगावर बुरशीची जाळी. पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम होता, पण दमट हवेने तिकिटं एकमेकांना अशी चिकटली होती की उचलायला गेलं की फाटत होती. तळाला पक्ष्यांच्या नोंदींची वही, पहिली सोळा पानं भरलेली, पुढची कोरी. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला डिंकाने चिकटवलेला एक फुलस्केप. बाबांचं वळणदार अक्षर. शीर्षक: ‘निवृत्तीनंतर’. खाली नऊ नोंदी: पेटी, जलरंग, फोटो, तिकिटं, पक्षी, मोडी लिपी, बुद्धिबळ, आंब्याची कलमं, घाटातल्या जुन्या पायवाटा.

बाबा आज 56 वर्षांचे आहेत. कणकवलीत सरकारी ऑफिसात नोकरी करतात. 28 वर्षं झाली, सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. 58 ला निवृत्ती. म्हणजे यादी उघडायला अजून दोन वर्षं बाकी आहेत. सामान मात्र थांबलेलं नाही. कोकणातला दमटपणा काही कुणाच्या निवृत्तीची वाट बघत नाही.

ट्रंक खाली आणली तेव्हा बाबा ओटीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी एक नजर टाकली आणि नेहमीचं वाक्य आलं, ‘आता खंय टाइम आसा गो? एकदा रिटायर झालंय काय मगे सगळा करतलंय.’

मला हसू आलं. मग थोड्या वेळाने ते मावळलं. कारण हेच वाक्य मीही म्हणते, फक्त शब्द वेगळे असतात.

आपली ट्रंक खिशात असते

खरं सांगा, तुमच्या मोबाइलमध्ये काय काय पडलंय? माझ्या मोबाइलमध्ये जपानी शिकवणारं एक अॅप आहे, ज्याने मला आठवण करून देणं आता सोडून दिलंय. रूमवर एक युकुलेले आहे, त्याची एक तार तुटलीय. क्रोशाचा अर्धा मफलर आहे. पॉडकास्टचे दोन भाग रेकॉर्ड झालेत, तिसरा ‘सबमिशन संपल्यावर’. पळायचे शूज आहेत, ते घालून मी कॅन्टीनला जाते.

दहावी झाल्यावर चित्रं काढू, असं ठरलं होतं. मग बारावी झाल्यावर. मग डिग्री झाल्यावर, प्लेसमेंट झाल्यावर, नोकरीत सेटल झाल्यावर. ही वाक्यं एकापुढे एक लावत गेलं की शेवटचं वाक्य बरोबर बाबांचं निघतं. म्हणजे बाबांनी आळस केला असं नाही. नोकरी, शेतीची कामं, आजोबांचं आजारपण, आमची शिक्षणं, यांत त्यांनी छंद जपून ठेवले होते. चूक असेल तर एवढीच, की छंद जपून ठेवता येतो असं त्यांना वाटलं.

वेळेचं गणित मी त्या रात्री कागदावर मांडलं. 2020 च्या फेब्रुवारीअखेरीपासून राज्य सरकारी ऑफिसांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार मोकळा झाला, पण बाबांचे शनिवार लग्नं, बँक, तलाठी आणि काजूच्या बागेत गेले. तेव्हा अख्ख्या दिवसाचा नाद सोडू. आठवड्यातून तीनदा, फक्त वीस-वीस मिनिटं धरू. आठवड्याचा एक तास झाला. वर्षाचे 52. नोकरीच्या 28 वर्षांचे 1456 तास. रोज आठ तास धरले तर हे 182 दिवसांचं काम होतं. सहा महिने, तेही एकही रजा न टाकता! एवढ्यात पेटी नक्की आली असती.

दोन माणसं, नोकरीवाली

छंदांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं डॉ. अनिल अवचटांचं. डॉक्टर, लेखक, 1986 मध्ये पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासोबत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं करणारे. शिवाय ओरिगामी, बासरी, लाकडातली शिल्पं, चित्रं. ‘छंदांविषयी’ नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. पण मला बाबांना पटेल असं उदाहरण हवं होतं. अवचटांचं नाव घेतलं की बाबा म्हणणार, ‘त्यांका खंय मस्टर होता?’ म्हणून मी नोकरी करणारी माणसं शोधली.

पहिले दामोदर धर्मानंद कोसंबी. मूळचे गोव्याचे, जन्म 1907 चा. पेशाने गणिती. नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि घर पुण्यात, त्यामुळे डेक्कन क्वीनने ये-जा. एसटीची वारी करणाऱ्या आमच्या बाबांना हे लगेच कळलं. या माणसाने संख्याशास्त्र वापरून बघायचं म्हणून जुनी नाणी तोलायला घेतली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं, आणि त्यावरून ते किती फिरलं असेल याचा अंदाज बांधता येतो. मग प्रश्न पडला, ही नाणी पाडली कुणी? त्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणून संस्कृत पक्कं केलं. संस्कृतातून भर्तृहरीकडे गेले आणि 1948 मध्ये त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. ज्या समाजात हे लिहिलं गेलं तो कसा होता, या कुतूहलापोटी पुण्याच्या आसपासचे डोंगर, लेणी, देवस्थानं पायी धुंडाळली. 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं.

कोसंबींची बुद्धी आपल्याकडे नाही, मान्य. पण त्यांची एक युक्ती कुणालाही उचलता येईल. त्यांचे विषय एकमेकांचे शेजारी होते. एकाकडे जाताना दुसऱ्याचं दार लागायचं. म्हणून पाच विषयांना पाचपट वेळ लागला नाही.

आणि कोसंबी 1966 मध्ये गेले तेव्हा त्यांचं वय होतं 58. बाबा निवृत्त होणार आहेत, बरोबर त्याच वयात.

हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांची सुपारी कातरायची थांबली.

दुसरे मारुती चितमपल्ली. 36 वर्षं वनखात्यात नोकरी. त्यांचं काम आणि आवड एकाच जंगलात होती, हे त्यांचं भाग्य. तरी जंगलखात्यात कामाला असलेला प्रत्येक माणूस काही रोज पक्ष्यांच्या नोंदी लिहीत बसत नाही. ते लिहीत राहिले. माडिया, गोंड, कोरकू लोकांकडून शब्द आणि गोष्टी गोळा करत राहिले. 1990 मध्ये निवृत्त झाले आणि पुढे पक्षिकोशासारखं प्रचंड काम हातावेगळं केलं. त्यांच्या बाबतीत निवृत्तीनंतरचा वेळ खरोखर कामी आला, पण त्याआधी वह्या भरलेल्या होत्या. सोळा पानांवर थांबलेली वही घेऊन कोश होत नाही.

रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा

तिसरं उदाहरण शोधायला मात्र गाव सोडावं लागलं नाही. आमच्या वाडीतले एक काका दशावतारात स्त्री पार्ट करतात. पावसात शेती. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात, मग पावसाळा तोंडावर येईपर्यंत गावोगाव नाटकं. स्वतःचा रंग स्वतः लावायचा, लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे रचायचे, आणि पहाटे पेटारा आवरून पुढच्या गावाला. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ असं त्यांच्याबद्दल आपल्याकडे म्हणतात.

मी काकांना विचारलं, दोन्ही कसं जमवता? त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘पावसात तोंडाक रंग लावन काय करू? शेत कोण लावतलो? आणि जत्रेच्या दिवसांत नांगर धरून काय करू?’

आपण मात्र नेमकं उलटं करतो. सातही छंद एकाच सोमवारपासून सुरू करतो. टाइमटेबल बनवतो, त्याला चार रंग देतो, गुरुवारपर्यंत ते मोडतं, आणि आपल्याला वाटतं की आपल्यात शिस्तच नाही. खरं तर शेतीला हंगाम, मासेमारीला हंगाम, आंब्याला हंगाम, मग छंदांनाच बारमाही का करायचं? परीक्षेच्या महिन्यात युकुलेले भिंतीवर राहिली तर ती सोडली असं होत नाही. तिचा हंगाम नाही, एवढंच. फक्त पुढचा हंगाम कुठला ते ठाऊक हवं.

एक चाल

ट्रंकमध्ये मावली नव्हती ती आजोबांची पेटी. ती कपाटावर होती, चादरीत गुंडाळलेली. आजोबा भजनात बसायचे. बाबांना त्यांनीच बोटं ठेवायला शिकवलं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी ती खाली काढली, न सांगता. भात्याला भोक पडलेलं, दोन पट्ट्या फुगून अडकलेल्या. चिकटपट्टीने भोक बुजवलं. बाबांनी वाजवायला घेतलं.

आजोबांची एका गजराची स्वतःची चाल होती. कुठल्या पुस्तकात नाही, कुठे रेकॉर्ड नाही. बाबांनी पहिली ओळ वाजवली, अडखळत. दुसऱ्या ओळीला बोटं थांबली. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा थांबली. चार-पाच वेळा असं झालं. मग ते म्हणाले, ‘नाय आठवत.’ आई आतून बाहेर आली, तिलाही आठवेना. वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. ज्यांना येत होती ती माणसं आता नाहीत.

रंगाच्या ट्यूबा दुकानात पुन्हा मिळतात. ही चाल मिळत नाही. अकरा वर्षं पेटी कपाटावर होती, तेवढ्यात ती गेली.

त्या रात्री आम्ही झाकणावरचा कागद सोडवून काढला आणि यादी नव्याने केली. तिकिटांचा अल्बम शेजारच्या मुलाला द्यायचा, जी सुटतील ती त्याची. जलरंग आणि बुद्धिबळ रद्द. हे लिहिताना बाबांना जड गेलं, पण खोडल्यावर म्हणाले, बरं वाटलं. जे आपण करणार नाही ते यादीत ठेवलं की ते रोज टोचत राहतं. पक्षी, पायवाटा आणि फोटो यांचा एकच छंद केला, कोसंबींसारखा शेजार. घाट चढून वर गेलं की दाजीपूर. राधानगरीचं ते जंगल 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. लांबलांबची माणसं तिथे दुर्बिणी घेऊन येतात आणि आम्ही पायथ्याशी राहून ‘बघू नंतर’ म्हणतो. त्याचा हंगाम हिवाळा, महिन्यातला एक शनिवार, कॅमेरा मोबाइलचा. मोडी पावसातल्या रात्रींसाठी, घरातल्या जुन्या कागदांवरून. पेटी मात्र बारमाही, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, जेवणाआधी वीस मिनिटं.

कलमांचं काय, मी विचारलं. ‘ता रवांदे,’ बाबा म्हणाले, ‘रिटायर झाल्यार करूक कायतरी होया मा!’

मीही माझी यादी केली. जपानी खोडलं. मफलर डिसेंबरच्या आत, नाहीतर कुणाला तरी लोकर देऊन टाकायची. युकुलेलेची तार आणली. पॉडकास्टचा तिसरा भाग बाबांवर होणार आहे, वीस मिनिटांचा, आजोबांच्या गजरांबद्दल. जेवढं आठवतंय तेवढं तरी रेकॉर्ड होऊ दे. तुमच्या घरातही अशी एखादी चाल, एखादी पाककृती, एखादं जाळं विणायची पद्धत असेल, जी एकाच माणसाच्या हातात उरलीय. तुमचा पुढचा छंद शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

परत निघाले त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे लक्ष गेलं. दुधाच्या हिशेबाशेजारी, मंगळवार-शुक्रवारच्या चौकोनांत, बाबांनी बारीक अक्षरात ‘पे’ लिहिलं होतं. त्यानंतर सहा आठवडे झालेत. आई फोनवर सांगते की बारांपैकी नऊ चौकोनांवर बरोबरची खूण आहे, तीन रिकामे आहेत. भाता कणकवलीतून दुरुस्त होऊन आलाय. दुसरी ओळ अजून सापडलेली नाही. पहिली मात्र आता न अडखळता येते.