सहा गठ्ठे आणि एक भ्रमणध्वनी
व्यक्तिगत टिपणे व कामांच्या नोंदी यांची नवी मांडणी

शासकीय कामकाजात कागद पूर्वी ठरावीक वाटेने येत असे. टपाल फुटले, आवक नोंदवहीत क्रमांक पडला, कार्यविवरण नोंदवहीत त्याची नोंद झाली, की तो कागद कोणाच्या मेजावर आहे हे सांगता येई. आता ही वाट एकच राहिलेली नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला पाणीपुरवठ्याची माहिती ‘दुपारी तीनपर्यंत’ पाठविण्याचा निरोप व्हॉट्सॲपच्या समूहावर येतो. वर्ग चालू असताना केंद्रप्रमुखांचा दूरध्वनी येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जाचे काय झाले, हे एखादी वृद्ध महिला सरपंचांना बाजाराच्या रस्त्यात विचारते आणि ‘उद्या बघतो’ असे उत्तर तिला मिळते. यांपैकी कशालाही आवक क्रमांक पडत नाही. ही गोष्ट विस्मरणात गेली, तर झळ विसरणाऱ्याला क्वचितच लागते. ती त्या वृद्धेला लागते.

या अडचणीवर संगणक आणि भ्रमणध्वनी यांची मदत घेता येते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तथापि पुष्कळदा उत्साहाने एखादे ॲप उतरवून घेतले जाते, आठवडाभर त्यात सर्व काही लिहिले जाते आणि पुढे ते उघडलेही जात नाही. दोष साधनाचा नसतो. नोंद कोठे जावी याचा निर्णय आधी व्हावा लागतो, आणि तो निर्णय यंत्र करीत नाही.

जुनी पद्धत, नवे साधन

या दृष्टीने महाराष्ट्रातील कार्यालयांची सहा गठ्ठे पद्धत पुन्हा पाहण्याजोगी आहे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद, असे हे सहा गठ्ठे होत. अनेक कार्यालयांत त्यांचे अस्तित्व तपासणीच्या आदल्या दिवशीच जाणवते, हा भाग वेगळा. परंतु त्यांमागील विचार पक्का आहे. कागद कोणत्या विषयाचा आहे यापेक्षा त्याचे पुढे काय व्हावयाचे आहे, यावरून त्याची जागा ठरते.

त्यातही पहिल्या दोन गठ्ठ्यांमधील भेद सर्वांत महत्त्वाचा. ज्या प्रकरणात स्वतः काही करावयाचे आहे ते प्रलंबित; ज्यात दुसऱ्याकडून उत्तर यावयाचे आहे ते प्रतीक्षाधीन. भ्रमणध्वनीवरील साध्या यादीत ही दोन्ही प्रकारची कामे एकाखाली एक लिहिली जातात. मग जे काम आज करता येणारच नाही, तेही रोज डोळ्यांसमोर येते; हळूहळू संपूर्ण यादीकडेच दुर्लक्ष होऊ लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन याद्या असाव्यात. प्रतीक्षाधीन यादीतील प्रत्येक ओळीत कोणाकडून, काय, आणि कधी मागितले, या तीन गोष्टी असाव्यात. अमेरिकेतील डेव्हिड ॲलन यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कार्यव्यवस्थापनावरील पुस्तकातही वाट पाहावयाच्या कामांची स्वतंत्र यादी सुचविली आहे. येथील लिपिकवर्गाला ती नवी वाटू नये.

कामाची नोंद कृतीच्या रूपात हवी. ‘पाणी योजना’ एवढेच लिहिल्याने चार दिवसांनी काहीच बोध होत नाही. ‘पंचायत समितीकडे पाठविलेल्या पाणी योजनेच्या प्रस्तावाचा आवक क्रमांक विचारणे’ असे लिहिले, तर पुढचे पाऊल शोधावे लागत नाही.

मुदतीची कामे दिनदर्शिकेत जावीत. माहितीच्या अधिकाराचा एखादा अर्ज ४ ऑगस्टला मिळाला, तर २००५ च्या अधिनियमानुसार तीस दिवसांची मुदत ३ सप्टेंबरला पुरी होते. दिनदर्शिकेत केवळ ३ सप्टेंबर लिहिणे म्हणजे त्या दिवशी धावपळ ओढवून घेणे होय. १४ ऑगस्टला अभिलेख मिळाले काय याची, आणि २५ ऑगस्टला उत्तराचा मसुदा तयार झाला काय याची आठवण, अशा आणखी दोन नोंदी कराव्यात. वाजवी कारणाशिवाय विलंब झाल्यास जन माहिती अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती होऊ शकते. राज्याच्या २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमातही सर्वसाधारण नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित ठेवू नये असे म्हटले आहे. नियतकालिक अहवालांच्या तारखा एकदाच ‘दरमहा’ म्हणून नोंदविल्या, की तिसरा गठ्ठा जवळजवळ आपोआप चालतो.

टिपण कसे असावे

स्थायी आदेश संचिकेचे काम टिपणवहीने करावयाचे. येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरण बोलके आहे. प्रा. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली सुरू झालेल्या तेथील संस्कृत कोशाच्या प्रकल्पासाठी सुमारे १,५०० ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. चिठ्ठीवर शब्द असतो आणि तो कोठून घेतला त्याचा संदर्भ असतो. संदर्भ नसता तर त्या ढिगाचा कोशकारांना काही उपयोग झाला नसता. कार्यालयीन टिपणालाही हाच नियम लागू करावा : एका टिपणात एकच मुद्दा, आणि त्याखाली शासन निर्णयाचा विभाग, क्रमांक, दिनांक व संगणक सांकेतांक. ‘असा जी.आर. आहे म्हणे’ या वाक्याने ग्रामसभेत किती वेळ वाया जातो, हे सदस्यांना ठाऊक आहे.

टिपण पुन्हा सापडणे हा संगणकाचा खरा लाभ. मराठीत मात्र तो मिळविण्यासाठी काही दक्षता घ्यावी लागते. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. शोधात तो सापडत नाही. समूहावर आलेले परिपत्रकाचे छायाचित्र हेही बहुधा चित्रच राहते. त्याखाली विषयाच्या दोन ओळी टंकित कराव्यात. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन रीतींनी टंकित होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणक ते दोन वेगळे शब्द मानू शकतो. अशा वेळी केवळ ‘शेतक’ एवढेच शोधावे, दोन्ही सापडतात. देवनागरी अंक वापरावयाचे की इंग्रजी, हेही एकदाच ठरवावे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवल्यास, उदाहरणार्थ ‘२०२५-०८-१५ ग्रामसभा’, फाइली नावाच्या क्रमाने लावताच कालानुक्रमे लागतात.

ॲप कोणते, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. गूगल कीप, जॉपलिन, ऑब्सिडियन अशी अनेक साधने आहेत. भ्रमणध्वनीतील मूळची टिपणवही व दिनदर्शिकाही आरंभाला पुरते. मजकूर साध्या स्वरूपात बाहेर काढता येतो काय, एवढे मात्र पाहून घ्यावे. वुंडरलिस्ट हे लोकप्रिय कार्यसूचीचे साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. वापरणाऱ्यांना आपल्या याद्या अन्यत्र हलवाव्या लागल्या.

आठवड्यातून एकदा, शुक्रवारी सायंकाळी अर्धा तास, दोन्ही याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय ही व्यवस्था टिकत नाही. प्रतीक्षाधीन यादीतील जुनी ओळ दिसली की स्मरणपत्र किंवा दूरध्वनी. झालेले काम यादीतून बाहेर. शिक्षकांना यासाठी शनिवारची शाळा सुटल्यानंतरची वेळ सोयीची पडेल.

काय ठेवू नये

व्यक्तिगत टिपणवही ही शासकीय नस्ती नव्हे. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, वैद्यकीय दाखले, विद्यार्थ्यांची कौटुंबिक माहिती यांना तिच्यात स्थान नसावे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाचा रोख पाहता, आणि एरवीही, नस्तीचा क्रमांक लिहून ठेवणे पुरेसे असते. मूळ कागद कार्यालयातच असावा, आणि निर्णयाची नोंदही तेथेच व्हावी.

बदलीच्या वेळी याचे महत्त्व अधिक कळते. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा असतो. म्हणजे प्रत्येक मेजावरची आठवण काही वर्षांनी निघून जाते. कार्यभार सोपविताना प्रतीक्षाधीन यादी आणि मुदतीच्या तारखा छापून, स्वाक्षरीनिशी, येणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्याव्यात व एक प्रत कार्यालयात ठेवावी. त्यानंतरच भ्रमणध्वनीवरील कामाच्या नोंदी पुसाव्यात.